बीएस्सी नर्सिंग, सहा वर्षांचा अनुभव: ऑस्ट्रेलियासाठी विद्यार्थी व्हिसा घ्यावा की स्किल्ड व्हिसा?

अतिदक्षता_पुणे

सर्वांना नमस्कार.

मी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची बीएस्सी नर्सिंग पदवीधर असून गेली सहा वर्षे पुण्यातील एका खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात काम करत आहे. माझे वय ३१ आहे. पती एका पतसंस्थेत हिशेबनीस आहेत आणि मुलगी पुढच्या वर्षी पहिलीत जाईल. ऑस्ट्रेलियात जाऊन स्थायिक व्हावे, याबद्दल आम्हा दोघांचे एकमत आहे. सासूबाईंचीही हरकत नाही. कर्ज किती होणार, एवढेच त्या विचारतात, आणि त्याचे नेमके उत्तर मला अजून देता आलेले नाही.

शहरातील एका सल्लागारांनी मला विद्यार्थी व्हिसावर दोन वर्षांच्या मास्टर ऑफ नर्सिंगला प्रवेश घेण्याचा सल्ला दिला आहे. त्यांचे म्हणणे असे, की भारतात राहून परिचारिका म्हणून नोंदणी मिळवायची तर एनक्लेक्स ही प्रश्नोत्तरांची आणि ऑस्की ही प्रात्यक्षिकांची अशा दोन परीक्षा द्याव्या लागतात, त्यात दीड-दोन वर्षे सहज जातात आणि शेवटच्या टप्प्यावर नापास झाल्यास हाती काहीच उरत नाही. तिथेच शिकले तर या परीक्षा टळतात, इंग्रजीचे गुणही कमी लागतात, पतीला काम करता येते आणि पदवीनंतर पीआर, म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना, जवळपास ठरलेलीच असते. नर्सिंगची फी झेपत नसेल तर आरोग्य व्यवस्थापनातील एक स्वस्त मास्टर्सही त्यांनी सुचवला आहे. आमच्या वॉर्डातील केरळच्या सहकारी मात्र एकमुखाने सांगतात, की बीएस्सी आणि अनुभव असताना पुन्हा कॉलेजात जाणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे.

दोन्ही बाजूंचे लोक इतक्या खात्रीने बोलतात, की मला निर्णय घेणे अवघड झाले आहे. या दोन्ही मार्गांनी प्रत्यक्ष गेलेल्या कोणी सविस्तर लिहिले तर फार उपकार होतील.

अ‍ॅडलेडची_रात्रपाळी

ताई, तुम्ही दोन व्हिसांची तुलना मागितली आहे, पण तुमचा निर्णय व्हिसाच्या अलीकडेच व्हायला हवा. ऑस्ट्रेलियात परिचारिका म्हणून काम करण्याचा अधिकार मिळतो तो तेथील नर्सिंग अँड मिडवायफरी बोर्डाच्या नोंदणीमुळे, आणि ही नोंदणी ‘आप्रा’ या नियामक संस्थेमार्फत होते. नोंदणी हातात असेल तर १८९, १९० आणि ४९१ हे गुणांवर मिळणारे स्किल्ड व्हिसा आणि ४८२ हा नियोक्त्याने प्रायोजित केलेला व्हिसा, हे सगळे तुमच्यासमोर खुले असतात. नोंदणी नसेल तर यांपैकी एकाचाही परिचारिका म्हणून उपयोग नाही. म्हणून विद्यार्थी व्हिसाकडेही नोंदणी मिळवण्याचा एक महागडा मार्ग म्हणूनच पाहावे, आणि तुमच्याकडे असे काय कमी आहे जे फक्त तिथल्या कॉलेजातच भरून निघेल, हे आधी तपासावे.

ही तपासणी आप्राच्या संकेतस्थळावरील सेल्फ-चेकमध्ये घरबसल्या होते. तुमचे शिक्षण तिथल्या शिक्षणाच्या तोडीचे मानले गेले तर ‘ए’ गट मिळतो, संबंधित पण समकक्ष नाही असे ठरले तर ‘बी’ आणि पुरेसे नाही असे ठरले तर ‘सी’. भारतातील बीएस्सी नर्सिंगला सर्वसाधारणपणे ‘बी’ गट मिळतो. त्या गटासाठी मार्च २०२० पासून ठरलेली पद्धत अशी, की आधी कागदपत्रांची छाननी, मग एनक्लेक्स-आरएन ही संगणकावरील परीक्षा आणि त्यानंतर अ‍ॅडलेडला होणारी ऑस्की. एनक्लेक्स मुंबईत देता येते. तिला पाच तासांपर्यंत वेळ असतो आणि तुमच्या उत्तरांप्रमाणे ८५ ते १५० प्रश्न येतात. ऑस्कीमध्ये दहा स्थानके असतात आणि तिचे शुल्क ४,००० ऑस्ट्रेलियन डॉलर आहे. जुन्या चर्चांमध्ये तुम्हाला तीन महिन्यांच्या ब्रिजिंग कोर्सचा उल्लेख सापडेल. तो मार्ग २०२० च्या बदलानंतर मागे पडला आहे, त्यामुळे त्या नावाने कोणी पैसे मागितले तर तिथून उठून यावे.

आता तुमच्या सल्लागारांच्या इंग्रजीविषयीच्या विधानाकडे येते, कारण ते सर्वांत दिशाभूल करणारे आहे. विद्यार्थी व्हिसासाठी आयईएलटीएसचे कमी गुण चालतात हे खरे. पण नर्सिंगच्या अभ्यासक्रमाला प्रवेश देताना विद्यापीठे बहुधा ७ मागतात, आणि पदवी मिळाल्यानंतर नोंदणीच्या वेळी बोर्डाचा भाषेचा निकष पुन्हा पूर्ण करावा लागतो. भारतात शाळा-कॉलेज केलेल्या व्यक्तीला ऑस्ट्रेलियातील दोन वर्षांच्या शिक्षणावर त्यातून सूट मिळत नाही. सध्या हा निकष ऐकणे, वाचणे आणि बोलणे यांत ७ आणि लेखनात ६.५ असा आहे. लेखनातील ही सवलत १८ मार्च २०२५ पासून लागू झाली. तरीही तुम्ही लेखनातही ७ चेच लक्ष्य ठेवा. नोंदणीला ६.५ चालले, तरी व्हिसाच्या गुणतालिकेत भाषेचे १० गुण मिळण्यासाठी चारही भागांत ७ लागतात.

गुणांचा हिशेब तुमच्याच माहितीवरून मांडते. वय २५ ते ३२ मध्ये असल्यामुळे ३०, पदवीचे १५, आयईएलटीएस ७ चे १० आणि पाच वर्षांहून अधिक परदेशी अनुभवाचे १० धरले तर ६५ होतात, आणि किमान आवश्यकता तेवढीच आहे. पतीने आयईएलटीएसमध्ये चारही भागांत ६ मिळवले तर आणखी ५ मिळतात. राज्याचे नामांकन मिळाले तर १९० साठी ५ आणि ४९१ साठी १५ गुण वाढतात. ४९१ हा ‘रिजनल’ व्हिसा म्हटला की लोकांना ओसाड माळरान आठवते. प्रत्यक्षात सिडनी, मेलबर्न आणि ब्रिस्बेन ही तीन महानगरे वगळली तर अ‍ॅडलेड, पर्थ, होबार्ट, इतकेच काय राजधानी कॅनबेरासुद्धा या व्याख्येत बसते. मी ज्या अतिदक्षता विभागात काम करते तिथे तुमच्या पुण्यातल्या विभागापेक्षा यंत्रे कमी नाहीत.

या हिशेबात वेळेचे महत्त्व ध्यानात घ्या. वयाची ३३ वर्षे पूर्ण झाली की ३० चे २५ होतात. प्रवेश, व्हिसा आणि दोन वर्षांचे मास्टर्स यात तुम्ही ३४ पर्यंत जाल, म्हणजे वयाचे ५ गुण जातील आणि ऑस्ट्रेलियातील शिक्षणाचे ५ मिळतील. इतके पैसे खर्चून गुणांची बेरीज आहे तिथेच राहणार असेल, तर तो सौदा तुम्हीच पारखून पाहा.

राहिला व्यवस्थापनाचा स्वस्त मास्टर्स. त्याने नोंदणी मिळत नाही. नोंदणीला पात्र ठरणाऱ्या अभ्यासक्रमांची यादी बोर्डाने जाहीर केलेली आहे. त्या यादीत नाव नसलेला कोणताही अभ्यासक्रम, मग त्याच्या नावात नर्सिंग हा शब्द असला तरीही, तुमच्या कामाचा नाही. काही मास्टर ऑफ नर्सिंग हे आधीच नोंदणीकृत असलेल्या परिचारिकांसाठीचे पदव्युत्तर अभ्यासक्रम असतात आणि माहितीपत्रकात हा फरक अगदी बारीक अक्षरांत असतो.

यारा_काठची_सिस्टर

वरील उत्तरातील बरेचसे मला मान्य आहे, पण विद्यार्थी मार्गाचे चित्र त्यात जरा एकतर्फी उतरले आहे, असे मला वाटते. मी विद्यार्थी व्हिसावर मेलबर्नला आले, इथेच शिकले आणि आज नोंदणीकृत परिचारिका आहे. माझ्या बाबतीत बाळंतपण आणि सासऱ्यांचे आजारपण यांमुळे कामात दीर्घ खंड पडला होता. अलीकडच्या कामाबाबत बोर्डाचा निकष गेल्या पाच वर्षांत किमान ४५० तासांचा आहे. तो मला पूर्ण करता येत नव्हता आणि एवढ्या खंडानंतर घरी बसून एनक्लेक्सचा अभ्यास करण्याचा आत्मविश्वासही नव्हता. अशा व्यक्तीला महाविद्यालयातील दोन वर्षे नुसता खर्च वाटत नाहीत.

नोंदणीसाठीच्या अभ्यासक्रमात किमान ८०० तासांचे प्रत्यक्ष रुग्णालयीन प्रशिक्षण असते. त्या काळात जे शिकायला मिळते ते पुस्तकात सापडत नाही. आपल्याकडे डॉक्टरांनी ऑर्डर लिहिली आणि आपण ती पार पाडली, अशी कामाची घडी असते. इथे औषध देण्याआधी ते का दिले जात आहे हे रुग्णाला सांगणे, त्याची संमती घेणे, आणि ऑर्डर चुकीची वाटली तर ती थांबवून वरिष्ठांना विचारणे ही परिचारिकेची स्वतःची जबाबदारी मानली जाते. ऑस्कीत अडखळणाऱ्या आपल्या अनेक मुलींचे हात कुशल असतात. गडबड होते ती याच सवयींमध्ये, विशेषतः रुग्णाशी न बोलता थेट प्रक्रियेला हात घालण्यात. प्रशिक्षणात ही सवय रोजच्या कामातून लागते, तर भारतातून ऑस्की देणाऱ्याला ती तोंडपाठ करून आणावी लागते. ऑस्की देणाऱ्या प्रत्येकीने हे आधीपासून मनावर घ्यावे.

आता याच मार्गातील अडचणीही लिहिते, म्हणजे सल्लागारांच्या गोड शब्दांवर कोणी विसंबणार नाही. प्रशिक्षणाचे हे ८०० तास बिनपगारी असतात. विद्यार्थ्याला सत्र चालू असताना पंधरवड्याला ४८ तासच काम करता येते. वृद्धसेवा केंद्रांना यातून मिळालेली सूट ३१ डिसेंबर २०२३ ला संपली. प्रशिक्षणाचे तास त्या मर्यादेत मोजले जात नाहीत, पण सकाळपाळीचे प्रशिक्षण आटोपून रात्री वृद्धाश्रमात ड्यूटी करताना माणसाची काय अवस्था होते, हे वॉर्डात काम केलेल्यांना सांगायला नको. जुलै २०२५ पासून सरकारने नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना प्रशिक्षणकाळात जो भत्ता सुरू केला आहे, तो परदेशी विद्यार्थ्यांना लागू नाही. पदवीनंतर सरकारी रुग्णालयांच्या नवपदवीधर कार्यक्रमात नागरिक आणि पीआरधारकांना प्राधान्य असते, त्यामुळे आमच्यापैकी अनेकींची पहिली नोकरी वृद्धसेवेत किंवा शहराबाहेर झाली. पीआर ‘ठरलेली’ असते, हे विधान तर कोणत्याही मार्गाबाबत खरे नाही.

ताई, तुमच्यासाठी आणखी एक अडचण आहे आणि तिचा उल्लेख वर आलेला नाही. मार्च २०२४ पासून विद्यार्थी व्हिसाच्या अर्जदाराला आपण खरोखर शिक्षणासाठीच जात आहोत हे नव्या निकषावर पटवून द्यावे लागते. नर्सिंगची पदवी आणि अतिदक्षता विभागातील सहा वर्षे असलेल्या व्यक्तीने पुन्हा नर्सिंगची प्राथमिक पात्रता देणारा अभ्यासक्रम का निवडला, हा प्रश्न अधिकारी विचारणारच. त्याचे प्रामाणिक उत्तर ‘नोंदणी मिळावी म्हणून’ हे आहे, पण ते नेमक्या शब्दांत आणि पुराव्यांसह मांडता आले पाहिजे. नकार आला तरी व्हिसाचे २,००० डॉलर परत मिळत नाहीत.

शिवाय पदवीनंतरच्या ४८५ व्हिसाची वयोमर्यादा जुलै २०२४ पासून ५० वरून ३५ वर आली आहे. भारतीय नागरिकाला मास्टर्सनंतर हा व्हिसा तीन वर्षांपर्यंत मिळू शकतो, आणि तो काळ खूप उपयोगी पडतो. पण तुम्ही पदवी घ्याल तेव्हा त्या मर्यादेच्या अगदी काठावर असाल. एखादे सत्र लांबले किंवा एखाद्या विषयात नापास झालात, तर हा आधार निसटू शकतो.

पतीच्या कामाबद्दल सल्लागारांनी दिलेली माहिती मात्र बरोबर आहे: मास्टर्स करणाऱ्या विद्यार्थ्याच्या जोडीदाराला तासांची मर्यादा नसते, बॅचलर्ससाठी ती ४८ तासांचीच राहते.

जमाखर्च

मी परिचारिका नाही. माझ्या धाकट्या बहिणीचे याच कामाचे सगळे कागद मी केले, म्हणून लिहितो. सासूबाईंनी विचारलेला प्रश्न मला सर्वांत नेमका वाटला, तेव्हा आधी त्याचेच उत्तर देतो. ऑस्ट्रेलियन डॉलर ५७ रुपये धरू. भाव वर-खाली होईल तसे आकडे बदलून घ्यावेत.

नोंदणीला पात्र मास्टर ऑफ नर्सिंगची फी वर्षाला ४०,००० डॉलर धरली, तर दोन वर्षांचे साधारण ४५ ते ४६ लाख रुपये होतात. व्हिसासाठी एका वर्षाच्या राहणीखर्चाची तरतूद दाखवावी लागते. मे २०२४ पासून ती विद्यार्थ्यासाठी २९,७१०, जोडीदारासाठी १०,३९४ आणि एका मुलासाठी ४,४४९ डॉलर आहे, म्हणजे तिघांचे मिळून सुमारे २५ लाख. मुलगी शाळेत जाणार असल्यामुळे शाळेच्या खर्चापोटी आणखी १३,५०२ डॉलर दाखवावे लागतील. त्याशिवाय तिघांचा आरोग्य विमा आणि विमानाची तिकिटे. राष्ट्रीयीकृत बँका साडेसात लाखांपुढील शैक्षणिक कर्जाला तारण मागतात, आणि बहुतेक घरांत ते तारण म्हणजे राहते घर किंवा गावाकडची जमीन असते. अभ्यासक्रमाच्या काळात हप्ता नसला तरी व्याज चालूच राहते, हे बँकेत सही करताना कोणी मोठ्याने वाचून दाखवत नाही. मिळकतीच्या बाजूला पाहिले, तर पंधरवड्याच्या ४८ तासांच्या मर्यादेत आणि जुलै २०२५ पासूनच्या २४.९५ डॉलर या किमान तासदराने आठवड्याला सुमारे ६०० डॉलर करापूर्वी हाती येतात. त्यात घरभाडे कसेबसे निघेल, फी निघणार नाही. ती पतीच्या पगारातून काढावी लागेल, आणि पतीला तिथे हिशेबाचे काम पहिल्याच दिवशी मिळेल असे गृहीत धरता येत नाही.

दुसऱ्या मार्गाचा खर्च असा: एनक्लेक्सचे २०० अमेरिकी डॉलर आणि भारतातून परीक्षा दिल्यास त्यावर १५० डॉलर, ऑस्कीचे ४,००० ऑस्ट्रेलियन डॉलर, अ‍ॅडलेडचा प्रवास आणि मुक्काम, आप्राची छाननी आणि नोंदणीची शुल्के, भाषेची परीक्षा, आणि सर्वांत शेवटी तिघांच्या पीआर व्हिसाचे शुल्क, जे मुख्य अर्जदाराचे ४,९०० डॉलरच्या आसपास आणि जोडीदार व मुलाचे त्याच्या अनुक्रमे अर्धे आणि चतुर्थांश असते. शिकवणीसह मी हे सर्व १२ ते १५ लाखांत बसवतो. महत्त्वाचे म्हणजे हे पैसे टप्प्याटप्प्याने जातात आणि तोवर पुण्यातील दोन्ही पगार चालू राहतात. एनक्लेक्समध्ये अपयश आले तर तोटा काही हजारांचा होईल. मास्टर्सच्या दुसऱ्या सत्रात अपयश आले तर तो घराच्या सातबाऱ्यापर्यंत जाईल.

तुमच्या सल्लागारांच्या उत्साहाचे कारणही इथेच आहे. विद्यार्थ्याला प्रवेश मिळवून दिला की शिक्षणसंस्था एजंटला दलाली देते. तुम्ही मुंबईत जाऊन एनक्लेक्स दिल्याने त्यांच्या खात्यात काही जमा होत नाही. यात बेकायदा काही नाही. फक्त सल्ला ऐकताना तो कोणाच्या पैशांवर दिला जात आहे, हे माहीत असावे.

क्राइस्टचर्च_मार्गे

तिसऱ्या वाटेची थोडक्यात नोंद करतो, कारण पुरुष परिचारकांच्या आमच्या गटातील बरेच जण तिने गेले आहेत. न्यूझीलंडच्या नर्सिंग कौन्सिलने डिसेंबर २०२३ पासून जुन्या कॅप या पात्रता तपासणाऱ्या अभ्यासक्रमाऐवजी संगणकीय परीक्षा आणि क्राइस्टचर्चला होणारी ऑस्की अशी पद्धत आणली. तिथली नोंदणी झाली की दोन्ही देशांतील परस्पर मान्यतेच्या कायद्यानुसार ऑस्ट्रेलियातही नोंदणी मागता येते. हे ऐकायला सोपे वाटले तरी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. परस्पर मान्यता फक्त नोंदणीपुरती असते, व्हिसा स्वतंत्रपणेच मिळवावा लागतो. आणि २०२४ पासून तिथल्या सरकारी रुग्णालयांनी भरतीचा हात आखडता घेतल्यामुळे, नोंदणी हातात असूनही नोकरीसाठी थांबलेले भारतीय परिचारक मी पाहिले आहेत. थेट अ‍ॅडलेडला जाण्याची तयारी असेल तर हा वळसा घेण्याचे कारण मला दिसत नाही.

ब्रिटन, आयर्लंड, सिंगापूर यांसारख्या देशांत नोंदणी करून किमान १,८०० तास काम केलेल्यांसाठी ऑस्ट्रेलियाने एप्रिल २०२५ मध्ये जलद मार्ग सुरू केला आहे. भारतातील अनुभव त्यात धरला जात नाही. त्यामुळे तो तुमच्यापेक्षा, ब्रिटनमध्ये आधीपासून असलेल्या तुमच्या एखाद्या वर्गमैत्रिणीच्या अधिक उपयोगाचा आहे.

अतिदक्षता_पुणे

सर्वांचे मनापासून आभार. तुमची उत्तरे वाचून मी सेल्फ-चेक भरला आणि अपेक्षेप्रमाणे ‘बी’ गट आला. जमाखर्च यांचे आकडे रात्री घरी मोठ्याने वाचले, तेव्हा सासूबाईंनी पहिल्या मार्गाचा विषय तिथेच संपवला, त्यामुळे आता एनक्लेक्सची तयारी सुरू करायचे ठरले आहे.

दोन शंका राहिल्या आहेत. एका वेगळ्या एजंटने १२ लाख रुपये घेऊन ४८२ व्हिसाची नोकरी ‘आत्ताच’ मिळवून देण्याची तयारी दाखवली आहे. नोंदणी नंतर होईल, असे तो म्हणतो. दुसरी शंका माझ्या जावेबद्दल आहे. ती २४ वर्षांची, जीएनएम (नर्सिंगची पदविका) झालेली असून सातारच्या एका रुग्णालयात दोन वर्षांपासून काम करते. माझ्यासाठी जे योग्य ठरले, ते तिलाही लागू होईल का?

अ‍ॅडलेडची_रात्रपाळी

पहिल्या शंकेचे उत्तर स्पष्ट नकार आहे. ४८२ मध्ये नियोक्ता तुम्हाला प्रायोजित करतो, आणि त्या बदल्यात कोणी पैसे मागणे वा घेणे हा ऑस्ट्रेलियात डिसेंबर २०१५ पासून कायद्याने अपराध आहे. भारताच्या बाजूने पाहिले, तर परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्याकडे १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखालील परवाना असावा लागतो आणि त्याला उमेदवाराकडून ३०,००० रुपये व त्यावरील जीएसटी एवढेच सेवाशुल्क घेता येते. त्यापुढे १२ लाखांचा आकडा ठेवून पाहा. नोंदणीशिवाय परिचारिकेची नोकरी देता येत नसल्यामुळे अशा व्यवहारात तिथे पोचल्यावर काम भलतेच निघते, किंवा नोकरीच अस्तित्वात नसते.

४८२ स्वतः वाईट नाही, हेही सांगायला हवे. नोंदणी झाल्यावर शहराबाहेरील एखाद्या रुग्णालयाने प्रायोजित करण्याची तयारी दाखवली, तर तो गुणांवरच्या पीआरसाठी सरकारकडून येणाऱ्या निमंत्रणाची वाट पाहण्यापेक्षा लवकर मिळू शकतो, पतीला पूर्ण वेळ काम करता येते, आणि मान्यताप्राप्त प्रायोजकाकडे दोन वर्षे काम झाल्यावर १८६ या कायमस्वरूपी व्हिसासाठी अर्ज करता येतो. नोकरी गेली तर दुसरा प्रायोजक शोधण्यासाठी एका वेळी १८० दिवस मिळतात. मेडिकेअर ही तिथली सरकारी आरोग्यसेवा मात्र त्यावर मिळत नाही, तर १९० आणि ४९१ वर मिळते. मुलगी लहान आहे, म्हणून हा फरक हिशेबात धरा.

जावेचे गणित वेगळे आहे. ऑस्ट्रेलियात नोंदणीकृत परिचारिकेसाठी पदवी ही मूळ अपेक्षा आहे, आणि जीएनएम ही पदविका आहे. तिच्या बाबतीत खरोखरच शिक्षणात उणीव आहे, म्हणून विद्यार्थी मार्गाचा विचार तिच्यासाठी रास्त ठरतो. तरीही मी तिला आधी महाराष्ट्रातच पोस्ट बेसिक बीएस्सी, म्हणजे जीएनएमनंतरची दोन वर्षांची पदवी, करायला सांगेन. दोन वर्षे तिकडेही जातील आणि इकडेही जातील, पण खर्चातला फरक जमाखर्च यांनी दाखवलाच आहे, आणि तिच्या वयाला गुणांच्या बाबतीत वाट पाहणे उलट फायद्याचे आहे: वयाची २५ वर्षे पूर्ण झाली की तिचे वयाचे गुण २५ चे ३० होतील. पदवी हाती आल्यावर तिनेही सेल्फ-चेक भरून गट पाहावा. फक्त पोस्ट बेसिक पूर्णवेळ असल्यामुळे अनुभवाची वर्षे थांबतील, हे तिने लक्षात ठेवावे.

यारा_काठची_सिस्टर

जावेबद्दलचे वरील मत योग्यच आहे. त्यात फक्त एक भर घालते. तिला कोणी इथल्या दीड-दोन वर्षांच्या डिप्लोमा ऑफ नर्सिंगला पाठवू पाहत असेल, तर त्यातून एनरोल्ड नर्स ही खालच्या दर्जाची नोंदणी मिळते. त्या पदाला काम भरपूर आहे, पण पीआरचे पर्याय नोंदणीकृत परिचारिकेपेक्षा बरेच मर्यादित असतात, आणि पुढे पदवी घ्यायची तर परदेशी विद्यार्थ्याच्या दराने फी पुन्हा भरावी लागते.

तुम्ही स्वतः, ताई, एनक्लेक्सच्या पुस्तकांबरोबरच कागदपत्रांनाही आजच हात घाला. नाशिकच्या विद्यापीठाकडून सिद्धान्ताचे आणि प्रात्यक्षिकाचे तास विषयवार दाखवणारी ट्रान्सस्क्रिप्ट, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडून नोंदणीची पडताळणी आणि गुड स्टँडिंगचे (तुमच्यावर कारवाई नसल्याचे) प्रमाणपत्र, आणि रुग्णालयाकडून तुमचे पद, विभाग, आठवड्याचे तास व प्रत्यक्ष कामाचे स्वरूप लिहिलेले अनुभवपत्र, एवढे तरी लागेलच. ‘यांनी आमच्याकडे समाधानकारक काम केले’ अशा एका ओळीच्या पत्राचा उपयोग होत नाही. हे पत्र राजीनामा देण्याआधी, इन्चार्ज सिस्टर आणि मेट्रन दोघींशी बोलून, सविस्तर लिहून घ्या. नोकरी सोडल्यानंतर मनुष्यबळ विभागाकडून तेवढा तपशील मिळणे कठीण असते. लग्नानंतर नाव बदलले असेल, तर पासपोर्ट, पदवी आणि कौन्सिलची नोंदणी या तिन्हींवरील नावांचा मेळ राजपत्र किंवा विवाह प्रमाणपत्र जोडून आधीच घालून ठेवा, आणि पतीची आयईएलटीएस तुमचा निमंत्रणासाठीचा अर्ज भरण्याच्या आधी होईल अशी तारीख घ्या, म्हणजे त्यांचे ५ गुण पहिल्याच दिवसापासून धरले जातील.